अकरापैकी चार

प्रिय शिंपलीबाई,

‘प्रिय’ लिहिताना पेन अडलं होतं, पण पस्तीस वर्षांची सवय आहे, एका आठवड्यात थोडीच जाणार. तू फोन उचलत नाहीस. तुझ्या विभागात आले तर दाराला आतून कडी, आणि बाहेरच्या टेबलावरची बाई सांगते की मॅडम मीटिंगमध्ये आहेत. सलग पाच दिवस मीटिंग चालायला तू काय देश चालवतेस का गं? म्हणून शेवटी कागद घेतला. कागदाला कडी लावता येत नाही आणि मध्येच कट करता येत नाही. आधी तुला हवी असलेली बातमी देते, म्हणजे बाकीचं नीट वाचशील. तुझी लेक भिंगरी माझ्याकडे आहे. जेवते, झोपते, आंघोळीला पाऊण तास लावते, आणि माझ्या बाल्कनीतल्या कुंड्यांना इतकं पाणी घालते की खालच्या मजल्यावरचे रोज बोंबलत वर येतात. तब्येत ठणठणीत आहे. तू विचारलं नाहीस, पण विचारायचं तुझ्या मनात होतं असं मी धरून चालते.

चौकीतून तिला सोडवायला मी गेले होते. तू येशील म्हणून तासभर बाकड्यावर बसून राहिले, मग कागदांवर सह्या केल्या. हवालदाराने विचारलं, तुम्ही मुलीच्या कोण? मी म्हटलं, मावशी. सख्ख्या का, म्हणाला. मी म्हटलं, तुम्हाला काय करायचंय. सोमवारी तिची तारीख आहे हे तुला ठाऊक आहेच. पोरीवर दोन आरोप आहेत. एक, आपल्या संग्रहालयाच्या वस्तूचं नुकसान. त्याचं कुणाला काही पडलेलं नाही, मैद्याची खळ होती, ओल्या फडक्याने दोन मिनिटांत निघाली. दुसरा मात्र वाईट आहे: खोटा मजकूर रचून संस्थेची बदनामी. वकीलबाई म्हणतात, तो शाबित झाला तर तिच्या नावाला कायमचा डाग लागेल. तिच्या हातात शाळेचं नेमणूकपत्र आहे, मुलांना विज्ञान शिकवायची नोकरी, पुढच्या महिन्यात हजर व्हायचंय. विज्ञानाबद्दल खोटं रचलं म्हणून शिक्षा झालेल्या बाईला कुठली शाळा वर्गात उभी करेल, तूच सांग.

त्या मंगळवारी तू वरच्या मजल्यावर होतीस, म्हणजे तुला जे कळलं ते संचालकांच्या तोंडून. मी तिथे होते, माझ्याकडून ऐक. पाच जण होते. ‘तेल कंपनीशी केलेला करार मोडा’ असे पुठ्ठे धरून तीन महिने फाटकाबाहेर उभे असायचे तेच. आपण दोघी रोज त्यांच्या समोरून आत जायचो, तू पर्समध्ये काहीतरी शोधत आणि मी घड्याळ बघत. एकदा भिंगरीने मला हात केला होता. मागे संचालकांची गाडी उभी होती म्हणून मी तो न पाहिल्यासारखं केलं. आठवलं की अजून लाज वाटते. तर मंगळवारी या पाच जणांनी रांगेत उभं राहून तिकिटं काढली. आंदोलन करायला आले आणि तिकीट काढून आत गेले, इतकी सरळ पोरं आहेत ती. दारावरच्या म्हाताऱ्याने पिशव्या तपासल्या. खळीचा डबा उघडून पाहिला आणि कुणाचं तरी पथ्याचं जेवण असेल म्हणून झाकण लावून परत दिला. नंतर त्या बिचाऱ्याला मेमो मिळाला. खाडी दालनात शेवटचा मोठा फलक आहे ना, तिथे भिंगरीने ब्रशने खळ लावली आणि हाताने लिहिलेली एक लांब पट्टी मधोमध चिकटवली. मग पाचही जण फरशीवर मांडी घालून बसले. घोषणा नाहीत, आरडाओरडा नाही. एका शाळेची सहल आली होती, तिच्यातल्या पोरांनी पट्टी मोठ्याने वाचायला सुरुवात केली. ‘अठरा वर्षांच्या मोजणीत या खाडीतल्या शिंपल्यांच्या अकरा जातींपैकी चारच उरल्या आहेत. तेल उतरवण्याच्या धक्क्यापासून जितकं जवळ जावं, तितकी घट जास्त.’

मी मागच्या खांबापाशी उभी होते. ते वाक्य मी लगेच ओळखलं. तूही ओळखलं असतंस, कारण ते तुझं आहे. फलकासाठी लिहिलंस तेव्हा मला आणि भिंगरीला वाचून दाखवलं होतंस.

मला शिंपल्यांतलं ओ की ठो कळत नव्हतं, हे तुला माहीत आहे. तरी मी तुझ्याबरोबर यायचे, कारण सुट्टीच्या दिवशी तू एकटी चिखलात उतरतेस हे मला बघवायचं नाही. ओहोटी सुरू झाली की आपण खडकांपासून धक्क्यापर्यंत चालायचो. दर शंभर पावलांवर तू ती लोखंडी चौकट चिखलावर टाकायचीस, गुडघ्यावर बसून आतला एकेक जिवंत शिंपला मोजायचीस आणि मी वहीत मांडायचे. पहिल्या वर्षी माझी एक चप्पल चिखलाने गिळली ती अजून गिळलेलीच आहे. एकदा मी कंटाळून बारा ऐवजी पंधरा लिहिले, म्हटलं तीनाने काय बिघडतं. तू वही ओढून घेतलीस आणि मला परत शंभर पावलं मागे नेऊन चौकट टाकायला लावलीस. पाणी चढायला लागलं होतं, माझी पाठ गेली होती, आणि तू म्हणत होतीस की एक खोटा आकडा मिसळला की कितीही वर्षं मोजलं तरी त्याला काही अर्थ नाही. तेव्हा मी तुला मनातल्या मनात इतक्या शिव्या दिल्या. भिंगरी तेव्हा सहा-सात वर्षांची असेल, खडकावर बसून बिस्किटं खात होती. तिने ते सगळं ऐकलं होतं. मुलं काय ऐकतात आणि काय जपून ठेवतात याचा आपल्याला पत्ता नसतो.

मग हे असं कसं झालं, हे मी माझ्या परीने जुळवलं आहे. चुकत असेल तर सांग. कंपनीचा तो टायवाला गेल्या वर्षी पहिल्यांदा आला तेव्हा तू त्याच्याशी भांडली होतीस, मी दाराबाहेर ऐकलं. तो माणूस आवाज चढवत नाही, खुर्ची मागे सारून बाईमाणसाला आधी बसवतो, सगळ्यांना नावाने ओळखतो. फलकावरचं अमुक वाक्य काढा, असं तो कधीच म्हणाला नाही. फलक जरा आशादायक करता येतील का, एवढंच त्याने विचारलं, आणि संचालकांपासून रंगाऱ्यापर्यंत सगळं संग्रहालय आशेच्या शोधात निघालं. दालनाच्या कमानीवर कंपनीचा शिक्का आला. मुलांच्या कोपऱ्यात तेलाच्या जहाजाचं खेळणं आलं, त्याच्या भोंग्याने माझं डोकं उठतं. आणि तुला काय मिळालं हेही मला माहीत आहे. तुझ्या संग्रहाच्या खोलीचं छप्पर गळत होतं, खोक्यांना बुरशी आली होती, चौदा हजार शिंपले कुजायला लागले होते. तू सात वर्षं अर्ज केलेस, कुणी ढुंकून पाहिलं नाही. कंपनीने तीन महिन्यांत नवी खोली बांधून दिली, कोरडी, गार, सरकत्या कपाटांची. त्या दिवशी तू कपाट सरकवून दाखवताना लहान मुलीसारखी हसत होतीस आणि मीही हसले. मेलेले शिंपले वाचवायला तू जिवंतांबद्दल गप्प बसायचं कबूल केलंस. तुला ते असं दिसलं नसेल. मला मात्र आता दुसरं काही दिसत नाही.

आता माझं पाप सांगते, म्हणजे तुला वाटायला नको की मी स्वतः धुतल्या तांदळासारखी बनून तुला बोलते आहे. फलक छापायला जाण्याआधी शेवटची सही माझी असते. मी मजकूर उलटा तपासते, हे आख्ख्या संग्रहालयाला माहीत आहे आणि सगळे त्याची टिंगल करतात. शेवटच्या शब्दावर पट्टी ठेवायची आणि एकेक शब्द मागे यायचं. सरळ वाचलं की डोळा अर्थाच्या नादी लागतो आणि अक्षर सुटलेलं असलं तरी सुटलेलं दिसत नाही. उलटं वाचलं की शब्द एकेकटा सापडतो. तीस वर्षांत माझ्या हाताखालून चुकीचा एक फलक भिंतीवर गेला नाही, अशी मिजास होती मला. नियम असा आहे की उलटं झालं की मूळ कागदाशी ताडून एकदा सरळ वाचायचं. बाकीच्यांचं मी वाचते. तुझं वाचत नव्हते. तुझ्या मजकुरात अर्थाची चूक असणं शक्य नाही, असं मी पंधरा वर्षांपूर्वीच ठरवून टाकलं होतं. खाडी दालनाचे एकवीस फलक तू शुक्रवारी दुपारी चारला पाठवलेस, सोमवारी सकाळी छपाई. मी एकवीसही उलटे तपासले, दोन अनुस्वार पकडले, खूश झाले आणि सही ठोकली. ‘बदलत्या काळाबरोबर खाडीतलं जीवनही नवनवी रूपं धारण करत आहे.’ या वाक्यातला प्रत्येक शब्द मी तपासला आहे, शिंपलीबाई. प्रत्येक शब्द बरोबर आहे.

शुक्रवारी चार वाजता पाठवताना तुला माहीत होतं का, की मी तुझं सरळ वाचत नाही? हा प्रश्न मला आठ दिवस कुरतडतो आहे. माहीत नव्हतं असं तू म्हणालीस तर मी विश्वास ठेवीन, इतकी मी अजून मूर्ख आहे.

तर मंगळवारी खांबापाशी उभी राहून मी तो फलक पहिल्यांदा सरळ वाचला. दालन उघडून सात महिने झाले होते. पट्टीच्या वरची ओळ, पट्टी, पट्टीच्या खालची ओळ. तळपायाची आग मस्तकात गेली, पण त्या क्षणी ती कुणावर काढू कळेना, कारण खाली कोपऱ्यात बारीक अक्षरांत ‘मजकूर तपासणी’ या शब्दांसमोर माझंच पद छापलेलं होतं. पोलीस येईपर्यंत मी तिथून हलले नाही. भिंगरीने मला पाहिलं. या वेळी हात केला नाही, नुसती बघत राहिली. मग मी माझ्या खोलीत गेले आणि कपाटातून खाडी दालनाची फाईल काढली. माझ्याकडे सगळे मूळ कागद असतात, कुणी मागत नाही म्हणून तुम्ही सगळे ते विसरता. एकविसाव्या फलकाचा कागद शेवटी होता. टंकलेलं तुझं वाक्य, त्यावर हिरव्या पेन्सिलीची एक सरळ रेघ, वर तुझ्या बारक्या अक्षरांत ते नवनव्या रूपांचं वाक्य, बाजूला तुझी आद्याक्षरं आणि तारीख. रेघ पट्टी धरून मारलेली होती. स्वतःची अठरा वर्षं खोडतानासुद्धा तुझी रेघ वाकडी गेली नाही, याचा मला जो संताप आला तो सांगता येत नाही.

तरीही मी तुला माफ केलं असतं. खरं सांगते. नोकरी करणाऱ्या माणसाला कधीकधी मूग गिळून बसावं लागतं, मी काय आकाशातून पडलेली नाही. मीही हात केला नव्हता. पण परवा वकीलबाईंनी संग्रहालयाच्या तक्रारीची प्रत दाखवली. ‘आंदोलकांनी चिकटवलेलं वाक्य पूर्णपणे बनावट असून संस्थेच्या नोंदींत असा कोणताही निष्कर्ष नाही.’ खाली विभागप्रमुख म्हणून तुझी सही. मी ती सही तीनदा पाहिली. म्हटलं, कुणी नक्कल केली असेल. बाई गं, वाक्य खोडलंस ते एक वेळ समजू शकते. पण ज्या मोजणीसाठी मला पाण्यातून शंभर पावलं मागे नेलंस ती झालीच नाही, असं तू सहीनिशी लिहून दिलंस? आणि ते कुणाच्या विरुद्ध? तुला नुसतं पाच आंदोलक म्हणून सांगितलं असेल, यादी दाखवली नसेल, असं मी स्वतःला समजावत होते. यादी त्याच पानावर आहे. भिंगरीचं नाव दुसरं आहे, तुझ्या सहीच्या वर चार बोटं.

संचालकांनी तुला काय सांगितलं असेल ते मी इथे बसून सांगू शकते. की ही नुसती कागदोपत्री गोष्ट आहे, पोरांना समज देऊन सोडतील, मुलीचं आम्ही बघून घेऊ. की तक्रार ढिली पडली तर कंपनी हात काढून घेईल आणि संग्रहाची खोली कुलूप लावून बंद होईल. तुझ्या निवृत्तीला तीन वर्षं राहिली आहेत, चौदा हजार शिंपले तुझ्या मागे कोण बघणार, हेही त्यांनी काढलं असेल. त्या माणसाला दुसऱ्याच्या दुखऱ्या जागा बरोबर माहीत असतात. मला तुझी कीव येते आणि कीव आली की आणखी राग येतो. तू घाबरट असतीस तर मी काही बोलले नसते. तू घाबरट नाहीस. मी तुला भर पाण्यात उभी राहून धक्क्यावरच्या मुकादमाशी भांडताना पाहिलं आहे.

आता हे सगळं आजच का लिहिते आहे ते सांगते. परवा संध्याकाळी जेवणाच्या टेबलावर मी तो हिरव्या रेघेचा कागद काढून ठेवला होता, वकीलबाईंना दाखवायचा म्हणून. तो न्यायालयात गेला तर खोट्या मजकुराचा आरोप तिथल्या तिथे गळून पडेल, कारण वाक्य संग्रहालयाचंच निघतं. भिंगरी आंघोळ करून आली, केस पुसता पुसता तिने कागद पाहिला आणि मी तोंड उघडायच्या आत तुझं अक्षर ओळखलं. वाक्य तू खोडलंस, हे तिला तोवर माहीत नव्हतं. तुझ्या हातातून कुणीतरी हिसकावून घेतलं असंच ती धरून चालली होती, आणि पट्टी चिकटवली तीही म्हणूनच. आईचं वाक्य परत जागेवर लावते आहे, असं ती त्या चौघांना म्हणाली होती. ती रडली नाही. कागद पालथा घातला आणि म्हणाली, मावशी, हा बाहेर आला तर आईने खोटी सही केली हेही बाहेर येईल, आणि मग तिला आत टाकतील. सोमवारी ती उभी राहून कबूल करणार आहे की वाक्य तिने स्वतः रचलं, मोजणीबिजणी काही झालेली नाही, बाकीच्या चौघांचा त्यात हात नाही. मी ओरडले, हातापाया पडले, शाळेची आठवण करून दिली. तुझ्यावर गेली आहे, ऐकते कुठे. तिने माझ्याकडून दोन वचनं घेतली. कागद मी न्यायालयात द्यायचा नाही, आणि यातलं अक्षर तुला कळू द्यायचं नाही. दुसरं वचन मी हे लिहून मोडलं. पहिलं पाळते आहे. कागद या पत्राच्या मागे आहे. मूळ कागद आहे, मी त्याची प्रत ठेवलेली नाही, वकीलबाईंना तो दाखवलेलाही नाही. आता तो जगात तुझ्याशिवाय कुणाकडे नाही, आणि मोजणीच्या वह्या तुझ्याच कुलपात आहेत, त्यामुळे फाडलास तर कुणाला काही सिद्ध करता येणार नाही, मलाही नाही. सोमवारी साडेदहा, दुसरा मजला, जिन्यासमोरची खोली. तिचं नाव पुकारल्यावर ती लगेच उभी राहील, वेळ लावणार नाही. तुला बोलायचं असेल तर तिच्या आधी बोलावं लागेल.

तुझीच,
जिच्यावर तू कधी काळी वही सोपवत होतीस ती